प्रत्यक्ष जागेवर

माझ्या पहिल्या साहेबांबरोबर स्थळपाहणीला जायचं म्हटलं की आमचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच तोंड पाडायचा. बाकीचे अधिकारी गाडी रस्त्याच्या कडेला लावून काच खाली करतात, "हं, हीच ना जागा?" म्हणतात आणि येताना एखाद्या रसवंतीवर थांबतात. हे गृहस्थ गाडी थांबायच्या आत दार उघडायचे, चपला काढून सीटखाली सारायचे, पँट पोटरीपर्यंत दुमडायचे आणि चालू लागायचे. तास, दोन तास, कधी अख्खी सकाळ. परत आले की गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तो चिखल तसाच गाडीत. ड्रायव्हरनं एकदा मुद्दाम पायपुसणं आणून ठेवलं, तर ते उचलून म्हणाले, "बरं झालं, ह्याच्यावर बसतो."

मी तेव्हा नगररचनेच्या ऑफिसात रचना सहायक म्हणून नवीनच लागले होते. कोल्हापूर चारी अंगांनी आजूबाजूच्या गावांत शिरत होतं. कुठं घरं होऊ द्यायची, रस्ता कुठनं न्यायचा, शेती कुठं राखायची हे नकाशावर ठरवायचं काम आमच्याकडं. मी पुण्याला शिकून आलेली, संगणकावर नकाशे करणारी, जरा शिष्टच. साहेब सर्व्हेअर म्हणून लागले आणि चढत चढत सहायक नगररचनाकार झाले. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली. खरं सांगते, पहिलं वर्षभर मला त्यांचा नुसता वैताग यायचा. ऑफिसात त्यांना माघारी एक नाव होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात म्हैस होती एवढं सांगते.

म्हैस यायला कारण होतं. गावात गेलं की सरपंच नारळ घेऊन उभे, चहा सांगितलेला, चार माणसं जमलेली, आणि साहेबांचा पहिला प्रश्न काय, तर "मे महिन्यात तुमच्या म्हशी कुठं बसत्यात?" सरपंचांना वाटायचं साहेब चेष्टा करताहेत. "चहा तर घ्या साहेब." "चहा घेतो की. म्हशी कुठं बसत्यात?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आम्ही विकास आराखडा करायला आलोय, की म्हैस घ्यायला?

त्यांचं म्हणणं असं. सातबाऱ्यावर जमीन पडीक दिसते, गायरान दिसते, पोटखराब दिसते. पाणथळ म्हणून कुठं लिहिलेली दिसत नाही. आमच्या पाहण्या सगळ्या उन्हाळ्यात, कारण पावसात गाडी रुतते. उन्हाळ्यात बघावं तर सगळंच कोरडं. मग नकाशात तिथं रस्ता येतो, प्लॉट पडतात, आणि जुलैत घरात पाणी शिरलं की सगळे आभाळाकडं बघतात. म्हैस तसं करत नाही. कडक उन्हात जिथं खाली ओल आहे तिथंच ती जाऊन बसते. "तिला कुणी साहेब व्हायचं न्हाई," ते म्हणायचे, "म्हणून ती खरं सांगती."

संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचे. बाकीचे लोक समोर पिळलेलं दूध पितात, ओठ पुसतात आणि घरी जातात. हे तासभर म्हशींच्या धन्यांशी बोलत उभे. कुठलं गाव, कुठल्या ओढ्याला नेता, औंदा डबरं आटलं का. दुसऱ्या दिवशी कच्च्या नकाशावर एक खूण वाढलेली असायची. पाणथळीचं चिन्ह आमच्या सूचीत होतं, पण ते यादीतल्या मोठ्या तळ्यांसाठी. ह्या बारक्या जागा कुठल्याच यादीत नव्हत्या. म्हणून साहेब तिथं पेन्सिलीनं दोन शिंगं काढायचे. वरच्या साहेबांनी एकदा विचारलं, "हे काय?"

"शिंगं."

"कुणाची?"

"ज्यांची जागा हाय त्यांची."

पक्का नकाशा संगणकावर करताना ती शिंगं काढून टाकायचं काम माझ्याकडं असायचं. मी आनंदानं काढायचे.

आता कुणाला वाटेल, माणूस निसर्गप्रेमी वगैरे असणार. डोंबल. शहरातली काही मंडळी एकदा निवेदन घेऊन आली होती की विजेचे मनोरे शिवारात नकोतच. साहेबांनी निवेदन नीट वाचलं, सही करून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या घरात बटणं किती हायत?" मंडळी चिडून गेली. साहेबांना तारा पाहिजे होत्या, पाण्याचा पाईप पाहिजे होता, गॅसची लाईनही पाहिजे होती. त्यांचं भांडण एवढंच होतं की प्रत्येक खातं आपापली वेगळी वाट धरतं आणि प्रत्येकाला ती गायरानातनंच सापडते. शेतातनं गेलं की शेतकरी कोर्टात जातो. गायरानातल्या डबक्यातनं गेलं तर भांडायला कोण येणार? बेडूक?

त्यांच्या डोक्यात एकच होतं. मोठ्या रस्त्याच्या कडेनं एक पट्टा राखून ठेवायचा आणि वीज, पाणी, गॅस, केबल सगळं त्या एकाच पट्ट्यात घालायचं. त्यासाठी त्यांनी चारी खात्यांची बैठक बोलावली. वीजवाले म्हणाले, आधी पाणीवाल्यांनी खणावं. पाणीवाले म्हणाले, आमचा पाईप वीजवाल्यांच्या शेजारी नको. गॅसवाले म्हणाले, आम्हाला दोघांपासनं लांब ठेवा. केबलवाले चहा संपवून निघून गेले. मी इतिवृत्त लिहायला बसले होते, काय लिहावं तेच कळेना. साहेब म्हणाले, "लिवा, चौघं सख्खे भाऊ असल्यागत वागले." मी ते लिहिलं नाही, पण हसले. बहुतेक त्या दिवसापासून मला ते थोडे थोडे आवडायला लागले.

पुराबद्दल ते कधी हळवं बोलायचे नाहीत. एकदा पाणी चढायला लागलं तेव्हा ऑफिसात सगळे मोबाईलवर पातळी बघत बसले होते. साहेब डबा खाता खाता म्हणाले, "नृसिंहवाडीला देवळात पाणी चढलं की लोक आंघोळीला जात्यात, पाया पडत्यात. तेच पाणी सोसायटीत चढलं की आमाला शिव्या. पाणी तेच की." आणि पुढचा घास घेतला.

तर आता एका गायरानाचं.

शहराबाहेरच्या वाढत्या भागासाठी विजेची मोठी लाईन आणि तिच्या बाजूनं पाण्याचा पाईप न्यायचा होता. मार्ग आखणाऱ्या सल्लागारांनी तो एका गावच्या गायरानातनं सरळ रेघ मारून नेला होता. पर्याय होता तो रस्त्याच्या कडेचा, साहेबांच्या पट्ट्यातला. तो लांबचा आणि उसाच्या बांधांना घासून जाणारा, म्हणजे हरकती येणार. गायरान सरकारी, हरकत नाही, काम लवकर. फक्त आमच्या ऑफिसचा पाहणी अहवाल पाहिजे होता की जागा कोरडी आहे.

साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात. ते रजेवर. पाहणीला मी गेले. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर नुसता वणवा. ड्रायव्हरनं गाडी बांधावर लावली. मी काचेतनं बघितलं. भेगा पडलेली जमीन, मधोमध पोरांनी आखलेली क्रिकेटची पिच, लांब एका खोलगट भागात चार-पाच म्हशी. हो, म्हशी दिसल्या मला. मी गाडीतनं उतरले नाही. ऑफिसात येऊन लिहिलं, "जमीन कोरडी व पडीक, पाण्याचा मागमूस नाही." छापील अहवालात शेवटचा रकाना असतो, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली काय, होय किंवा नाही. मी "होय"वर खूण केली. सगळेच करतात, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं.

डोळ्याची पट्टी निघून साहेब कामावर आले, तोवर अहवाल फाईलला लागून वर गेला होता. त्यांनी प्रत मागवून घेतली, डोळ्याजवळ धरून वाचली. मग मला म्हणाले, "बाई, मधली दगडी विहीर बघितलीसा?"

"हो साहेब, बघितली," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि प्रत मला परत दिली.

जुलैत ते मला त्या जागेवर घेऊन गेले. चपला काढायला लावल्या. दहा पावलं गेले असेन, पाय गुडघ्यापर्यंत आत. जिथं पिच होती तिथं बगळे उभे. सगळं गायरान म्हणजे एक उथळ तळं झालं होतं, लव्हाळ्यांनी भरलेलं. मी चारी बाजूंना बघितलं. विहीर कुठंच नव्हती. विहीर तिथं कधी नव्हतीच. साहेब पुढं चालत होते, मागं वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला तोंडात मारल्यासारखं झालं आणि त्यांनी काहीच न बोलल्यामुळं ते जास्तच लागलं.

तिथं एक बाई भेटली. साठीची, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली, हातात काठी. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. सात म्हशी आणि खालच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, एवढा तिचा संसार. साहेबांची आणि तिची जुनी ओळख, कट्ट्यावरनं लागलेली. ती मला म्हणाली, "बाई, गेल्या पुराला वड्याचं पाणी हितं चार दिस पसरून बसलं, म्हणून आमची गल्ली ऱ्हायली. मनोरं उभं करायला तुमी हितं मुरमाचा भराव टाकणार. मग पाणी कुठं जाईल? माझ्या चुलीत."

मी म्हणाले, बघू. दुसरं काय म्हणणार? त्या जागेचा एकमेव सरकारी कागद माझ्या सहीचा होता, आणि तो ही जागा कोरडी असल्याचं सांगत होता.

आक्काच्या गल्लीनं मार्गावर हरकत घेतली आणि सुनावणी गणपतीनंतर लागली. ती घ्यायला एक मोठे अधिकारी बाहेरून आले होते. समोर सल्लागारांचा इंजिनियर, एका बाजूला आम्ही, मागच्या खुर्च्यांवर आक्का आणि खालच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं. साहेबांनी पाणथळीचं सगळं मांडलं, नकाशा लावला, शिंगांसकट. इंजिनियर उठला आणि म्हणाला, "सर, भावना ठीक आहेत, पण यांच्याच ऑफिसचा अहवाल म्हणतो की जागा कोरडी आहे. प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलंय."

मोठ्या अधिकाऱ्यांनी अहवाल उचलला. "एकाच ऑफिसचे दोन जबाब? नकाशावरच्या शिंगांपेक्षा मी सहीचा कागद मानणार. का मानू नये ते सांगा."

कागद खोटा आहे हे सांगितल्याशिवाय तो पडणार नव्हता. खोटा कुणी केला हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. जागेवर न जाता खोटी खूण केली हे सिद्ध झालं असतं तर मला त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. मी उठायला पाहिजे होतं. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

साहेब उठले. "साहेब, तो अहवाल माझा हाय. सही बाईंची, पण मी रजेवरनं फोन करून सांगितलं, गाडीतनंच बगा, उतरू नका, होयवर खूण करून टाका. नवीन पोरगी, तिनं ऐकलं. जागा कुणीच बघितलेली न्हाई."

"तुम्ही सांगितलंत?" अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. "तुमच्यासारख्या जुन्या माणसानं?"

"व्हय. वय झालं साहेब. कंटाळा केला."

मागच्या खुर्चीवर आक्का काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. साहेबांनी तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती गप्प बसली. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला कळलं होतं की हे धादांत खोटं आहे. हा माणूस कंटाळा करेल हे ड्रायव्हरलासुद्धा पटलं नसतं. पण कुणी बोललं नाही. मीही नाही.

अहवाल रद्द झाला. परतीच्या पावसातच नवी पाहणी झाली, अधिकारी स्वतः बूट काढून आत उतरले, आणि लाईन रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात गेली, पाईपही तिच्या शेजारी. उसवाल्यांच्या हरकती आल्या, त्या मिटवायला दीड वर्ष गेलं, पण मिटल्या. साहेबांच्या सेवापुस्तकात ठपका लागला: जागेची पाहणी न करता अहवाल करण्यास हाताखालच्या कर्मचाऱ्यास भाग पाडले. हा त्यांच्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा ठपका.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी कशीबशी सुरुवात केली, "साहेब, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी कशाला?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कागद पडायला पाहिजे होता, पाडला. पुढच्या वेळी उतरा म्हणजे झालं." आणि ड्रायव्हरला गंगावेशीत सोडायला सांगितलं.

निरोपसमारंभाला वरचे साहेब आले नाहीत. ठपका लागलेल्या माणसाचं कौतुक कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न. शाल आणि नारळ मी दिला. बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणाले, साहेबांकडून खूप शिकायला मिळालं. एवढंच. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आता मी त्यांच्याच खुर्चीत बसते. पाहणीला गेले की उतरते. ड्रायव्हर बदलले, पण नवे ड्रायव्हरही तोंड पाडतात. मध्यंतरी आमच्याकडं एक नवीन अधिकारी आल्या. हुशार, झटपट कामाच्या. त्या जुन्या फाईली वाचत होत्या आणि चहाच्या वेळेला म्हणाल्या, "मॅडम, हे तेच का हो, जागेवर न जाताच अहवाल करणारे? मग शिंगं कसली काढत बसायचे?" दोघं-तिघं हसले. जो माणूस पायाला माती लागल्याशिवाय एक ओळ लिहायचा नाही, तो कागदावर असा उरलाय, आणि पुढं येणारा प्रत्येक जण तेच वाचणार.

त्याच रविवारी मी त्यांच्या गावी गेले. ते अंगणात शेंगा निवडत बसले होते. मी म्हणाले, "साहेब, मी फाईलला टिपण लावणार आहे. खरं काय झालं ते लिहिणार. माझं जे व्हायचं ते होऊ दे."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "गॅसची लाईन कुठनं न्यायची म्हणत्यात आता?"

गॅसवाल्यांनी त्याच गायरानाची मागणी केली होती, आणि जुना निकाल आड येतोय म्हणून तो फिरवायला त्यांचा वकील काहीतरी शोधत होता.

"तू लिवलंस," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं, "की वकील म्हणणार, पयला निकाल खोट्या कबुलीवर दिलाय. फाईल उघडंल. मग आक्काच्या गल्लीत पाणी कुणाच्या सहीनं जाणार? परत तुझ्याच की."

"आणि तुमचं काय? लोक हसतात, साहेब."

"हसू देत. मी काय ऑफिसात बसतोय व्हय आता ऐकायला?" असं म्हणाले खरं, पण मग बराच वेळ ते मान खाली घालून शेंगाच निवडत होते. त्यांना लागलं होतं. मला ते दिसलं आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. ते मला येत होतंच.

टिपण मी लावलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं, माझं नाव न घालता, आणि छापायला द्यायच्या आधी फोनवर त्यांना वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाले, "गावाचं नाव काढ." काढलं. "नदीच्या कुठल्या अंगाला ते लिवलंयस, ते पण काढ." तेही काढलं. मग मी विचारलं, तुमचं नाव तेवढं राहू दे का? निदान कुणाला तरी कळेल की हा माणूस कसा होता.



"माझ्या नावावरनं जागा सापडती," ते म्हणाले. "काढ."

काढलं.